‘ठरणे’ आणि ‘ठरवणे’ : चेतापेशीतील क्लोराइडसंबंधीच्या विवेचनाची भाषिक समीक्षा

१. विषयप्रवेश

एखाद्या शास्त्रातील लेखनाची समीक्षा त्या शास्त्राच्या अभ्यासकानेच करावी, हा संकेत योग्यच आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असून शरीरक्रियाशास्त्रात त्याला कोणताही अधिकार सांगता येणार नाही. तथापि शास्त्रांतील काही वाद असे असतात की, त्यांत मोजमापांची उणीव नसते. उणीव असते ती शब्दांच्या निश्चितीची. दोन्ही पक्ष एकच शब्द उच्चारतात, परंतु त्या शब्दाने निरनिराळ्या वस्तूंचा निर्देश करीत असतात. अशा ठिकाणी भाषेच्या अभ्यासकाने दोन शब्द बोलणे अगदीच अनाठायी ठरू नये.

मेंदूतील चेतापेशी आपल्या अंतर्भागातील क्लोराइडचे प्रमाण कसे राखतात, हा असाच एक विषय आहे. आपल्या रोजच्या मिठातील जो क्लोराइड, तोच हा. दिसावयास प्रश्न अगदी लहान आहे. परंतु मेंदूतील आवर घालणारी यंत्रणा बहुतांशी या एका आयनाच्या प्रमाणावर उभी असल्यामुळे अपस्मार, मज्जातंतूंच्या इजेनंतरची वेदना आणि नवजात अर्भकांना येणारे झटके या सर्वांशी त्याचा संबंध पोहोचतो. या विषयावरील गेल्या सुमारे सत्तर वर्षांच्या लेखनात तीन शब्दांनी विशेष घोटाळा केला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘निरोधक’, ‘पातळी’ आणि ‘ठरवणे’ हे ते शब्द होत. पहिला शब्द परिणामाला द्रव्याचा गुण मानावयास लावतो. दुसरा दोन भिन्न राशींना एकच नाव देतो. आणि तिसरा, जेथे कर्ता नसेल तेथेही कर्ता उभा करतो. हे तिन्ही शब्द मराठीत आणताना आपण त्यांच्याबरोबर त्यांचे दोषही उचलून आणू नयेत, हा या लेखाचा व्यावहारिक हेतू आहे.

२. वस्तुस्थिती

समीक्षेपूर्वी वस्तुस्थिती थोडक्यात मांडणे अवश्य आहे. चेतापेशीच्या पटलाच्या आत व बाहेर आयनांचे प्रमाण भिन्न असते. क्लोराइड हा ऋण भाराचा आयन. पेशीबाहेरच्या द्रवात त्याचे प्रमाण दर लिटरला सुमारे १२० ते १३० मिलिमोल, तर प्रौढ चेतापेशीच्या आत ते बहुधा ५ ते १० मिलिमोलच्या आसपास असते. शिवाय स्वस्थ पेशीचे अंतरंग बाहेरच्या मानाने सुमारे ६५ ते ७० मिलिव्होल्ट इतके ऋण असते. गाबा, म्हणजे गॅमा-अमिनो-ब्युटिरिक आम्ल, हे एका पेशीने सोडलेले द्रव्य दुसऱ्या पेशीच्या पटलावरील आपल्या ग्राहीला जाऊन मिळाले, की त्या ग्राहीतील मार्ग उघडतो आणि क्लोराइडला आत-बाहेर जाण्याची मोकळीक होते. गाबाचे कार्य येथे संपते. पुढे क्लोराइड आत जाईल की बाहेर येईल, हे गाबाच्या हाती राहत नाही.

ते अवलंबून असते दोन गोष्टींच्या ओढाताणीवर. बाहेर क्लोराइड पुष्कळ व आत थोडा, म्हणून तो आत जाऊ पाहतो. परंतु अंतरंग ऋण असल्याने ऋण आयन बाहेर लोटला जातो. ज्या विभवाला या दोन्ही प्रवृत्ती तुल्यबळ होतात, तो क्लोराइडचा समतोल-विभव. बाहेर १२० मिलिमोल धरले आणि आत ६ मिलिमोल असले, तर शरीराच्या तपमानाला हा समतोल-विभव उणे ८० मिलिव्होल्टच्या सुमारास येतो. आत १५ असले, तर तो उणे ५५ च्या आसपास. आणि आत ३० असले, तर उणे ३७ च्या आसपास. गाबाने मार्ग उघडताच पेशीचा विभव या समतोल-विभवाकडे सरकू लागतो. पेशी ‘पेटण्याचा’ उंबरठा उणे ५० च्या जवळपास मानला, तर द्रव्य तेच, ग्राही तोच आणि तरी परिणाम तीन प्रकारचे, हे लक्षात येईल. त्याच मार्गाने काही अंशी बायकार्बोनेटही वाहत असल्यामुळे प्रत्यक्षातील आकडे किंचित वेगळे येतात. मूळ मुद्द्यास त्याने बाध येत नाही.

आतील क्लोराइड कमी-अधिक करणारी दोन वाहक प्रथिने येथे मुख्य आहेत. एनकेसीसी१ हे प्रथिन एक सोडियम व एक पोटॅशियम यांच्याबरोबर दोन क्लोराइड आत आणते. केसीसी२ हे एका पोटॅशियमबरोबर एक क्लोराइड बाहेर नेते. यांपैकी कोणतेही स्वतः इंधन जाळत नाही. सोडियम-पोटॅशियम पंपाने इंधन खर्चून जो चढ-उतार निर्माण करून ठेवलेला असतो, त्याच्या उतारावरून ही दोन्ही आपले काम करून घेतात. या पंपाचा शोध डेन्मार्कमध्ये येन्स स्कौ यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या लेखनात ‘क्लोराइडचा पंप’ असा शब्दप्रयोग वारंवार येतो. तो काटेकोरपणे पाहता चुकीचा आहे. पंप एकच, आणि तो क्लोराइडला हातही लावत नाही.

३. ‘निरोधक’ हे विशेषण कोणाचे?

गाबा मेंदूत असतो, हे १९५० साली कळले. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतून काढलेल्या ज्या अर्कात आवर घालण्याचा गुण आढळला होता, त्यातील कार्यकारी द्रव्य गाबाच होय, असे बेझमोर, एलियट व फ्लोरी यांनी १९५७ साली दाखवले. मेंदूच्या बाह्यांगातील पेशींवर त्याची क्रिया नैसर्गिक निरोधासारखीच असते, हे क्रन्येव्हिच व श्वार्ट्झ यांनी १९६७ साली मांडले. यानंतर ‘निरोधक द्रव्य’ हे गाबाचे जणू आडनावच झाले.

परंतु हे आडनाव रूढ होण्यापूर्वीच त्याला छेद देणारा प्रयोग होऊन गेलेला होता, ही गोष्ट मोठी उद्बोधक आहे. कूम्ब्ज, एकल्स व फॅट यांनी १९५५ साली मांजराच्या पाठीच्या कण्यातील चालक पेशींत अत्यंत सूक्ष्म विद्युदग्र खुपसून त्यातून क्लोराइड आत सोडला. त्याबरोबर निरोधक संकेताची दिशाच उलटली. जो संकेत पेशीला अधिक ऋण करीत होता, तोच तिला कमी ऋण करू लागला. तेथील संकेतद्रव्य बहुतांशी ग्लायसीन असते, तरी त्याचा मार्गही क्लोराइडचाच असल्याने तत्त्व तेच. संकेत पाठवणाऱ्यात काहीही बदल नव्हता. बदल होता तो स्वीकारणाऱ्याच्या अंतरंगात. निरोध हा द्रव्याचा गुण नसून द्रव्य आणि स्वीकारणारी पेशी यांच्या संबंधाचा गुण आहे, हा निष्कर्ष त्याच वेळी शब्दांत उतरावयास हवा होता. तो प्रयोगाच्या वर्णनात उतरला, नावात उतरला नाही; आणि पुढच्या पिढ्या वर्णन विसरतात, नाव तेवढे शिकतात.

भाषेच्या अभ्यासकाला ही चूक परिचयाची आहे. ‘वाढणे’ या क्रियापदाचा अर्थ कोणी वृद्धी असा एकदाच ठरवून टाकला, तर ‘बांगडी वाढवली’ या वाक्यापुढे तो थबकेल, कारण तेथे बांगडी फुटलेली असते. निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि निघून जातो. उच्चारलेला शब्द तोच. त्याचे काय व्हावयाचे, ते ऐकणाऱ्याच्या संदर्भात होते. अर्थात हे साम्य फार ताणू नये. भाषेत संदर्भाला रूढीचे बळ असते. पेशीत तेथे रूढी नसून आयनांचे प्रमाण असते आणि ते मोजता येते. परंतु म्हणूनच पेशीविषयी लिहिणाऱ्याला चुकीच्या विशेषणाची सबब कमी आहे. आम्हाला संदर्भ मोजता येत नाही, त्याला येतो.

४. विध्रुवण म्हणजे उत्तेजन नव्हे

या विशेषणाला पहिला मोठा धक्का १९८९ साली बसला. बेन-आरी आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या नवजात पिलांच्या हिप्पोकॅम्पस या भागातील पेशींत असे दाखवले की, तेथे गाबा पेशीचे ऋणत्व वाढवत नाही, उलट कमी करतो. या ऋणत्व कमी होण्याला विध्रुवण म्हणतात. कोवळ्या चेतापेशींत एनकेसीसी१ कार्यरत असते व केसीसी२ थोडे असते. त्यामुळे आत क्लोराइड अधिक साठलेला असतो. पुढे १९९९ साली हेलसिंकीच्या काइला यांच्या गटातून रिवेरा आदींचा निबंध आला. मेंदू परिपक्व होताना केसीसी२ वाढते आणि त्यामुळेच गाबाचा परिणाम ऋणत्व वाढवणारा होतो, हे त्याचे प्रतिपादन. संशोधन म्हणून दोन्ही कामे थोर आहेत, आणि त्यांनी ‘निरोधक’ या आडनावातील पोकळपणा उघडा पाडला.

पण खेदाची गोष्ट ही की, एक चुकीचे विशेषण काढून त्या जागी दुसरे तितकेच चुकीचे विशेषण बसवण्यात आले. ‘प्रौढ मेंदूत गाबा निरोधक, नवजात मेंदूत उत्तेजक’ हे सूत्र पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले. विशेषण बदलले, ते द्रव्यालाच चिकटवण्याची सवय मात्र कायम राहिली.

वस्तुतः विध्रुवण आणि उत्तेजन हे दोन भिन्न स्तरांवरील शब्द आहेत. विध्रुवण ही विद्युदग्राने मोजलेली घटना होय. उत्तेजन हा त्या घटनेच्या फलाविषयीचा निर्णय होय. त्यासाठी पेशी खरोखर पेटली का, आणि तिने इतर पेशींना पेटवले का, हे पाहावे लागते. वर दिलेले मधले उदाहरण घ्यावे. आत १५ मिलिमोल क्लोराइड असता गाबा पेशीला उणे ७० वरून उणे ५५ कडे नेतो. हे विध्रुवण खरे. पण उंबरठा उणे ५० ला आहे, आणि उघडलेला मार्ग पेशीला उणे ५५ शी बांधून ठेवू पाहतो. अशा स्थितीत दुसरीकडून आलेले उत्तेजन, भगदाड पडलेल्या पाटातील पाण्याप्रमाणे, पुढे पोहोचण्यापूर्वीच गळून जाते. पेशी उंबरठ्याच्या जवळ आली आणि तरीही तिला आवर घातला गेला.

ही केवळ तार्किक शक्यता नाही. किर्म्से आदींनी २०१५ साली जिवंत नवजात उंदरांच्या मेंदूच्या बाह्यांगात हेच दाखवले; गाबाने एकेका पेशीचे विध्रुवण होत होते, परंतु पेशींच्या एकंदर जाळ्याला त्याने आवरच बसत होता. उलट मुराता व कोलोनीझ यांना २०२० साली असे आढळले की, त्याच कोवळ्या वयात हिप्पोकॅम्पसमध्ये गाबा सोडणाऱ्या पेशी खरोखर उत्तेजन देतात, तर दृष्टीशी संबंधित बाह्यांगात तसे होत नाही. म्हणजे एकाच वयात, एकाच मेंदूच्या दोन भागांत, फल वेगळे. ‘नवजात मेंदूत गाबा उत्तेजक’ हे वाक्य यापुढे खरेही नाही आणि खोटेही नाही. ते अपुरे आहे, आणि शास्त्रात अपुरे वाक्य अनेकदा खोट्या वाक्याहून अधिक काळ जगते.

५. ‘पातळी’ शब्दाचे दोन अर्थ

आता मुख्य वादाकडे वळू. १९९९ नंतर असे सर्वमान्य झाले होते की, पेशीतील क्लोराइड वाहक प्रथिने ठरवतात. बॉस्टन येथील स्टॅली यांच्या गटातून ग्लायकिस आदींनी २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याला आव्हान दिले. त्यांनी पेशीतील क्लोराइड दाखवणाऱ्या प्रकाशमान प्रथिनाच्या साहाय्याने मोजमापे केली. एका पेशीतील प्रमाण शेजारच्या पेशीहून वेगळे, इतकेच नव्हे तर एकाच पेशीच्या निरनिराळ्या भागांतही ते वेगळे आढळले. दोन्ही वाहक रोखले, तरी ते फारसे बदलले नाही. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, पेशीत अडकून पडलेले व पटलातून बाहेर न पडू शकणारे ऋणभारी पदार्थ, म्हणजे प्रथिने, न्यूक्लिइक आम्ले इत्यादी, हेच क्लोराइडची पातळी स्थापित करतात. वाहक केवळ बिघडलेली पातळी पूर्ववत करतात. याच्या मुळाशी असलेले तत्त्व जुनेच आहे. न ओलांडता येणारा भार एका बाजूस अडकला, की ओलांडू शकणाऱ्या आयनांची वाटणी असमान होते, हे डॉनन यांनी १९११ सालीच मांडले होते.

यावर काइला, वॉइपिओ आदींनी त्याच वर्षी आक्षेप घेतला. त्यांचा आधार उष्मागतिकीचा होता. क्लोराइडला मार्ग मोकळा असेल आणि त्याला सतत ढकलणारे कोणी नसेल, तर तो समतोलाला येईपर्यंत वाहत राहील. अडकलेला भार कितीही असो, अखेरीस समतोल-विभव आणि पेशीचा विभव एकच होतील आणि गाबाला करण्यासारखे काही उरणार नाही. स्टॅली यांच्या गटाने उत्तर दिले. वाद चालू राहिला.

हा वाद वाचताना प्रस्तुत लेखकाला एक दृष्टांत उपयोगी पडला. तळाशी नळाने जोडलेली शेजारीशेजारची दोन टाकी घ्या. एका टाक्यात दगड टाकले, की त्या टाक्यात मावणारे पाणी कमी होते. परंतु नळ मोकळा असल्याने दोन्हींतील पाण्याच्या पृष्ठभागाची उंची अखेरीस सारखीच होते, आणि नळातून काहीही वाहत नाही. उंचीतील फरक टिकवावयाचा असेल, तर एका टाक्यातून दुसऱ्यात राहाटाने सतत पाणी उपसावे लागेल. आता ‘पाण्याचे प्रमाण कशाने ठरते?’ असे विचारले, तर दगडांचे नाव घेणारा चूक नाही. आणि ‘नळातून वाहण्याचा जोर कशाने ठरतो?’ असे विचारले, तर राहाटाचे नाव घेणारा चूक नाही. भांडण तेव्हा होते, जेव्हा दोघेही आपापल्या उत्तराला ‘पातळी’ म्हणतात.

या वादात नेमके हेच घडले आहे. एका पक्षाच्या मोजमापाचा विषय क्लोराइडची संहती, म्हणजे दर लिटरमागील प्रमाण, हा होता. दुसऱ्या पक्षाच्या आक्षेपाचा विषय क्लोराइडचे प्रेरक बल, म्हणजे समतोल-विभव आणि पेशीचा विभव यांतील अंतर, हा होता. गाबाच्या परिणामाची दिशा संहतीने एकटीने ठरत नाही. ती प्रेरक बलाने ठरते. ड्युस्टरवाल्ड, रायमोंडो आदींनी २०१८ साली गणिती प्रतिमानांच्या आधारे हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला, तो याच भेदावर बोट ठेवून. अडकलेल्या ऋणभारामुळे पेशीतील क्लोराइडची संहती बदलू शकते; परंतु त्याबरोबर पेशीचा विभव व आकारमान हीही बदलतात आणि प्रेरक बलावर नगण्य परिणाम उरतो. प्रेरक बल हलवण्याचे सामर्थ्य मात्र वाहकांपाशी आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

येथे पहिल्या पक्षाला न्याय देणे अवश्य आहे. पेशीपेशींतील आणि एकाच पेशीच्या भागाभागांतील क्लोराइड सारखा नसतो, हे त्यांचे निरीक्षण शब्दच्छलाने नाहीसे होत नाही. २०२१ साली त्याच गटाने पेशीद्रवातील क्लोराइडच्या सूक्ष्म प्रदेशांची कल्पना अधिक विस्ताराने मांडली आहे, आणि तिचा निकाल प्रयोगानेच लागावयाचा आहे. उलट ‘वाहक रोखले तरी फरक पडला नाही’ या निरीक्षणाचा अर्थ लावतानाही सावधपणा हवा. राहाट थांबवल्यावर नळ अगदी बारीक असेल, तर टाक्यातील पाणी बराच वेळ होते तेथेच दिसेल. त्यावरून राहाट निरुपयोगी होता असे सिद्ध होत नाही. वाहकाची कसोटी पेशीवर क्लोराइडचा भार टाकून घ्यावी लागते.

मोजमापाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पेशीला छिद्र पाडून आत विद्युदग्राची नळी जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत नळीतील द्रवच पेशीत उतरतो, आणि जो क्लोराइड मोजावयाचा तोच बदलून जातो. यावर उपाय म्हणून ग्रॅमिसिडिन हे प्रतिजैविक १९९५ च्या सुमारास वापरात आले. ते पटलात अशी छिद्रे पाडते की, त्यांतून धन आयन जातात, क्लोराइड जात नाही. साक्षीदाराला प्रश्न विचारतानाच उत्तर पढवू नये, हा न्यायालयातील नियम येथे प्रयोगशाळेत पाळावा लागला.

६. कर्ता आहे की नाही?

आता तिसरा शब्द. मराठीत ‘ठरणे’ आणि ‘ठरवणे’ अशी जोडी आहे. ‘बाजारात कांद्याचा भाव ठरला’ आणि ‘कांद्याचा भाव ठरवला’ या दोन वाक्यांत केवळ रूपाचा फरक नाही. पहिल्या वाक्यात आवक, मागणी आणि साठवण यांच्या ओढाताणीतून भाव निघाला. दुसऱ्यात कोणीतरी तो मनात आणून लादला. प्रयोजक क्रियापद आले, की कर्ता मागितला जातो. अध्याहृत असला, तरी तो असतोच.

क्लोराइडविषयीचे बहुतेक लेखन ‘ठरवणे’ या वर्गातील क्रियापदांनी चालते. वाहक ठरवतात, अडकलेले ऋणभार ठरवतात, पेशी नियमन करते. परंतु या वर्णनातील पुष्कळसा भाग वस्तुतः ‘ठरणे’ या क्रियापदाचा आहे. आत येणारा आणि बाहेर जाणारा क्लोराइड जेथे तुल्य होतात, तेथे संहती स्थिरावते. ती कोणी ठरवलेली नसते. ‘दगड की राहाट?’ हा प्रश्न काही अंशी एकच कर्ता शोधण्याच्या हट्टातून जन्मतो.

तरीही ‘नियमन’ हा शब्द सर्वस्वी टाकून द्यावा, असे नाही. नियमन म्हणावयास तीन गोष्टी लागतात : स्थिती जाणणारा कोणीतरी, तिची तुलना करण्याचे साधन आणि दुरुस्तीचा उपाय. क्लोराइडच्या बाबतीत असा जाणणारा असल्याचे पुरावे मिळाले आहेत. डब्ल्यूएनके या नावाच्या प्रथिनवर्गातील एका प्रथिनाला क्लोराइड प्रत्यक्ष जोडला जातो आणि त्यामुळे ते निष्क्रिय राहते, हे २०१४ साली दाखवले गेले. क्लोराइड घटला, की ते जागे होते. त्यापासून सुरू होणारी साखळी एनकेसीसी१ ला चालना देते आणि केसीसी२ ला आवरते. म्हणजे घटलेला क्लोराइड पुन्हा वाढण्याची व्यवस्था होते. जेथे ही साखळी चालू असल्याचे दाखवता येईल, तेथे ‘पेशी क्लोराइडचे नियमन करते’ हे वाक्य निर्दोष होय. जेथे केवळ वाहकांचा आणि गळतीचा मेळ बसलेला आहे, तेथे ‘क्लोराइड अमुक प्रमाणात स्थिरावतो’ एवढेच म्हणणे योग्य. मराठीपाशी हा भेद सहज करता येणारी क्रियापदे तयार असताना आपण ते वापरू नयेत, हे आश्चर्य आहे.

७. शब्दांचे मोल

एवढी चिकित्सा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर रुग्णालयात आहे. मज्जातंतूला इजा झालेल्या उंदरांच्या पाठीच्या कण्यात वेदनेच्या मार्गावरील पेशींतील क्लोराइडचा चढ-उतार ढळतो, हे कूल आदींनी २००३ साली दाखवले. त्याच्या आदल्या वर्षी, अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मेंदूच्या तुकड्यांत काही पेशींवर गाबाची क्रिया विध्रुवणाची असल्याचे पॅरिसच्या कोहेन आदींना आढळले होते. तेव्हा क्लोराइड पूर्ववत करून रोग हटवता येईल, ही आशा स्वाभाविक होती.

नवजात अर्भकांच्या झटक्यांवर फेनोबार्बिटल हे गाबाच्या ग्राहीची क्रिया वाढवणारे औषध प्रथम दिले जाते, आणि पुष्कळदा ते अपुरे पडते. ‘नवजात मेंदूत गाबा उत्तेजक’ या सूत्रावरून पुढील अनुमान सरळ निघाले : आत क्लोराइड आणणारा एनकेसीसी१ रोखावा, म्हणजे फेनोबार्बिटल काम करील. ब्युमेटानाइड हे लघवी वाढवणारे जुने औषध हा वाहक रोखते. युरोपात त्याची चाचणी १४ अर्भकांवर झाल्यानंतर ती मुदतीपूर्वी थांबवावी लागली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या वृत्तांतानुसार अपेक्षित गुण दिसला नाही आणि हयात असलेल्या ११ मुलांपैकी ३ मुलांना श्रवणदोष आढळला. आतील कानाच्या द्रवासाठीही हाच वाहक लागतो, ही गोष्ट येथे आठवावी. बॉस्टन येथे झालेल्या ४३ अर्भकांच्या चाचणीत, जिचा वृत्तांत २०२१ साली आला, झटक्यांचे प्रमाण काहीसे घटलेले दिसले. परंतु ती चाचणी गुणाचा निर्णय देण्याइतकी मोठी नव्हती. स्वमग्न मुलांवरील याच औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या २०२१ साली गुण न दिसल्याने बंद करण्यात आल्या.

एका विशेषणामुळे या चाचण्या फसल्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे आणि अन्यायाचे होईल. हे औषध रक्तातून मेंदूत फारच थोडे उतरते, हे एक पुरेसे कारण आहे; शिवाय एनकेसीसी१ केवळ चेतापेशींतच असतो असे नाही. ज्यांनी या चाचण्या केल्या, त्यांनी प्रतिकूल फळ लपवले नाही, हे त्यांच्या पदरी घातले पाहिजे. तथापि एवढे म्हणता येईल की, सूत्र जितके आटोपशीर तितके त्याच्यातून निघणारे अनुमान घाईचे. कोणत्या भागात, कोणत्या वयात, कोणत्या पेशीत, झटक्याच्या आधी की नंतर, प्रेरक बल किती आणि कोणत्या दिशेचे, हे सर्व प्रश्न ‘उत्तेजक’ या एका शब्दात दडपले गेले. दडपलेले प्रश्न नाहीसे होत नाहीत. ते रुग्णाच्या खाटेपाशी पुन्हा उभे राहतात.

८. समारोप

मराठीत शास्त्रीय परिभाषा घडवण्याचे काम भाषा संचालनालयाच्या कोशांपासून विश्वकोशापर्यंत अनेकांनी निष्ठेने केले आहे. त्या कामाचा एक तोटा असा की, परिभाषा बहुधा तेव्हा घडते, जेव्हा मूळ भाषेतील शब्द रूढ होऊन त्याच्या जन्माच्या वेळची शंका विसरली गेलेली असते. आपल्याकडे शब्द येतो तो निकाल लागल्यासारखा येतो. परंतु उशिरा येणाऱ्याला एक लाभही असतो. पुढे गेलेल्याला कोठे ठेच लागली, हे त्याला दिसते.

त्या लाभाचा उपयोग करून येथे तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, गाबाला ‘निरोधक द्रव्य’ किंवा ‘उत्तेजक द्रव्य’ असे न म्हणता क्लोराइडचा मार्ग उघडणारे द्रव्य म्हणावे, आणि निरोध वा उत्तेजन हे शब्द त्या-त्या पेशीतील फलासाठी राखावे. दुसरी, ‘क्लोराइडची पातळी’ हा सैल शब्दप्रयोग सोडून जेथे संहती अभिप्रेत असेल तेथे संहती आणि जेथे प्रेरक बल अभिप्रेत असेल तेथे प्रेरक बल म्हणावे. तिसरी, ‘ठरवणे’ आणि ‘नियमन करणे’ ही क्रियापदे जाणणारी व दुरुस्ती करणारी साखळी दाखवता येईल तेथेच वापरावी. एरवी ‘ठरणे’ पुरेसे आहे.

या सूचनांनी चेतापेशीविषयीचे कोणतेही नवे ज्ञान मिळणार नाही. ते प्रयोगशाळेतूनच यावयाचे. परंतु मराठीतून हा विषय शिकणारा विद्यार्थी प्रश्न विचारताना संहतीविषयी विचारतो आहे की प्रेरक बलाविषयी, हे निदान त्याचे त्याला कळेल. शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासकांनी या सूचनांची चिकित्सा करावी आणि जेथे प्रस्तुत लेखकाची समजूत चुकली असेल, तेथे ती दाखवून द्यावी, अशी विनंती आहे.